कल बघणारी परीक्षा की अभ्यास बघणारी? पीयू सेकंडच्या पालकांनो, जरा इकडे या

रानजाई (खानापूर), सोमवार रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवसांनी धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक पीयू सेकंडला आहे, म्हणजे कर्नाटकातली बारावी. सायन्स, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो). दहावीपर्यंत गावातलीच मराठी शाळा. पीयूला गेल्यावर एकदम सगळं इंग्रजी. पहिले सहा महिने रोज रडणं, आता रुळलीय. सध्या घरात केसीईटी (कर्नाटकची प्रवेश परीक्षा), नीट (मेडिकलची), एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची), सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची) अशी नावं दिवसभर कानावर आदळतात. ह्यांचं म्हणणं, सगळ्या परीक्षा सारख्याच, अभ्यास केला की झालं. मला तसं वाटत नाही, आणि काल रात्रीपासून तर अजिबातच पटत नाही.

जेवणं आटोपल्यावर सीयूईटीच्या जनरल टेस्टचा सराव घेत होतो. नात्यांचा प्रश्न आला. एक माणूस एका मुलीकडे बोट दाखवून म्हणतो, ही माझ्या आईच्या एकुलत्या एका भावाची मुलगी. तर त्या मुलीचे वडील ह्याचे कोण? पर्याय होते अंकल, फादर-इन-लॉ, ब्रदर आणि कॅनॉट बी डिटरमाइंड. लेकीनं शेवटच्यावर टिक केली. म्हटलं, का गं, सोपा तर होता. तर म्हणते, "आई, मामाची पोरगी केली असली तर मामा सासरा पण झाला की! आबांनी नाही का केली?"

आमच्या सासऱ्यांनी खरंच मामाची मुलगी केली आहे. सासूबाई आत भांडी लावत होत्या, त्याही हसल्या. पुस्तकात उत्तर 'अंकल'. बरोबर असतं तर ५ गुण, चुकल्यावर १ वजा. म्हणजे घरात बघितलेलं खरं सांगितलं म्हणून ६ गुणांचा फटका.

माझा प्रश्न असा. असले प्रश्न केसीईटीत येत नाहीत. तिथं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, जे शिकवलं तेच. मग ह्या दोन तऱ्हांच्या परीक्षा नेमकं काय मोजतात? आणि आमच्यासारख्या, मराठीतून इंग्रजीत उडी मारलेल्या मुलांना कुठली बरी?

---

निवृत्त_मास्तर, मंगळवार सकाळी ६.०५

ताई, मुलीचं उत्तर बरोबर आहे. प्रश्न काढणाऱ्याला बेळगाव-कोल्हापूरकडची लग्नं माहीत नाहीत, एवढाच दोष.

डी.एड.ला आम्ही दोन शब्द घोकले होते, अभियोग्यता चाचणी आणि संपादणूक चाचणी. संपादणूक म्हणजे शिकून काय कमावलंस. अभियोग्यता म्हणजे पुढं शिकायची कुवत किती. तुमच्या मुलीनं आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा दिली असेल. त्यात दोन पेपर असतात, मॅट आणि सॅट, ९०-९० प्रश्नांचे. मॅटमध्ये आकृत्या, मालिका, सांकेतिक भाषा. सॅटमध्ये सातवी-आठवीचं गणित, विज्ञान, समाज. मॅट ही कुवत बघणारी, सॅट अभ्यास बघणारी. गंमत अशी की सॅटचं पूर्ण नाव स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट. नावात ॲप्टिट्यूड, म्हणजे अभियोग्यता, आणि आत आठवीचं विज्ञान! पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, भांड्यात काय शिजलंय ते बघा.

आता स्वतःचा अनुभव. शहापूर-वडगाव भागात मी बरीच वर्षं शिकवलं. विणकरांची पोरं आकृत्यांच्या प्रश्नांत पटकन पुढं जायची. अर्धी आकृती दाखवली की उरलेली बोटानं बाकावर काढून मोकळी. मला सुरुवातीला वाटायचं, उपजतच बुद्धी. मग एकदा एकाच्या घरी गेलो. मागावर साडीचा काठ चढत होता, आणि हा दहा-अकरा वर्षांचा पोरगा बापाला सांगत होता, इथं बुट्टी एक घर चुकली. ज्याला आम्ही कुवत म्हणत होतो ती त्यानं मागाशेजारी बसून कमावलेली होती. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून कुणी वापरू नका. पण तेव्हापासून "ह्या परीक्षेला अभ्यास लागत नाही" असं कुणी म्हटलं की माझा विश्वास बसत नाही.

---

तिसरे_गेट, मंगळवार सकाळी ९.२०

मास्तर, नमस्कार! आमच्या रस्त्यावर तीन क्लासच्या पाट्या आहेत. तिन्हीवर 'ॲप्टिट्यूड' हा शब्द सगळ्यात मोठा. उपजत असतंय तर क्लास कशाला काढूलाय म्हणून एकाला विचारलो, तर म्हणाला, "फी भरा, मग कळतंय."

---

निपाणीकर, मंगळवार दुपारी १.४५

मी उलटी बाजू मांडतो, रागावू नका.

माझा मुलगा ज्या कॉलेजात होता (नाव नको), तिथं फिजिक्सला जवळजवळ अर्धं वर्ष शिक्षकच नव्हता. पाहुणे लेक्चरर यायचे, महिन्याभरात जायचे. ऑप्टिक्स तर पोरांनी मोबाईलवर बघून केलं. अशा मुलाची संपादणूक मोजायची म्हणजे त्याच्या कॉलेजची गैरहजेरी त्याच्या खात्यावर मांडायची. केसीईटीत इंजिनिअरिंगची रँक काढताना निम्मं वजन पीयूच्या मार्कांना आणि निम्मं सीईटीला. म्हणजे शिक्षक नव्हता त्याची शिक्षा दोनदा.

पोरगा गणिती कोड्यांत तरबेज होता. महाराष्ट्रात २०२४ पासून बीबीए-बीसीएला सीईटी सुरू झाली, त्यात इंग्रजी, रिझनिंग, सामान्य ज्ञान, कॉम्प्युटरची तोंडओळख. फिजिक्सचा संबंधच नाही. तिथं तो चांगला चालला, आज बीसीए करतोय. त्यामुळं कल बघणाऱ्या परीक्षेला सरसकट नावं ठेवू नका. ज्याला शिकवलंच गेलं नाही त्याच्यासाठी ती एक खिडकी असते.

---

पंचगंगा (कोल्हापूर), मंगळवार रात्री ९.५०

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून तोंड घालतो. निपाणीकर म्हणतात तोच मुद्दा अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी निघाला होता.

तिकडची कॉलेज प्रवेशाची सॅट (मास्तरांनी सांगितली ती नव्हे) १९२६ साली सुरू झाली. ती बांधणारा कार्ल ब्रिगहॅम पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात वापरलेल्या बुद्धिमत्ता चाचण्यांवर काम केलेला माणूस. पुढं या परीक्षेच्या बाजूनं मांडलेला विचार निपाणीकरांसारखाच, की मुलगा कुठल्या शाळेतून आला ते बाजूला ठेवा, डोकं किती चालतं ते मोजा. खुद्द ब्रिगहॅमनं आधी त्या सैन्य-चाचण्यांवरून वंशावंशांतल्या बुद्धीबद्दल नको ते निष्कर्ष काढले होते आणि १९३० मध्ये ते स्वतःच मागं घेतले. चाचणी इंग्रजीत आणि अमेरिकन राहणीवर बेतलेली, मग नव्यानं आलेल्या परदेशी माणसाची बुद्धी तीत कशी कळणार? रानजाईताईंच्या मामाचा प्रश्न आहे तो हाच.

१९५९ ला आयोवात लिंडक्विस्ट या प्राध्यापकानं एसीटी ही दुसरी प्रवेश परीक्षा काढली. त्याचं म्हणणं सरळ होतं, शाळेत जे शिकवतात त्यावरच विचारा, म्हणजे निदान मुलं शाळेतला अभ्यास तरी करतील.

मला सगळ्यात आवडणारा प्रसंग २००१ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड ॲटकिन्सन, स्वतः मानसशास्त्रज्ञ. एका खासगी शाळेत गेले, तर बारा वर्षांची मुलं शब्दसंबंध घोकत बसलेली. अमक्याचा तमक्याशी जसा संबंध, तसा ह्याचा कशाशी? पुढं सॅटला येणार म्हणून. त्यांनी जाहीर मागणी केली की कल मोजणारी मुख्य सॅट सोडा, विषयांवरच्या परीक्षा घ्या. त्यांच्याच विद्यापीठाच्या आकडेवारीतही असं दिसलं होतं की विषयांच्या परीक्षा पहिल्या वर्षाच्या निकालाचा अंदाज जरा बरा देतात, आणि आईबापांचं उत्पन्न-शिक्षण यांची सावली मुख्य सॅटवर जास्त पडते. २००५ मध्ये सॅटमधून शब्दसंबंध गेले. नावातला ॲप्टिट्यूड तर त्याआधीच काढून टाकला होता. आज सॅट म्हणजे नुसतं सॅट, लांबवून सांगायला काही नाही.

गोष्ट इथं संपत नाही. २०२० ला त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीनं सांगितलं, परीक्षा ठेवा, शाळेच्या मार्कांपेक्षाही अंदाज चांगला येतो. नियामक मंडळानं तरीही काढून टाकली. आणि तिकडच्याच एमआयटीनं आपल्या प्रवेशाला २०२२ मध्ये परत आणली. तेव्हा "परदेशात सिद्ध झालंय" म्हणून कुणी ठोकून सांगायला आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

---

तिसरे_गेट, मंगळवार रात्री १०.०२

सर, चहा आमच्याकडं कुंद्याबरोबर. अमेरिकेतली पोरं पण घोकूलीत बघून बरं वाटलं.

---

सीमावासी_पुण्यात, बुधवार सकाळी ८.३०

मी उचगावचा. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चर्चा वरच्या पातळीवर गेलीय, मी जमिनीवरचं सांगतो.

काकू, मुलगी सीमाभागातली आहे, मातृभाषा मराठी. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात 'टाइप ई' म्हणून उमेदवारी असते. वादग्रस्त सीमाभागात राहणारा, तिथल्याच संस्थेतून दहावी किंवा बारावी झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला. महाराष्ट्राच्या दाव्यातल्या ८६५ गावांत तुमचं गाव आहे का बघा, दाखले आत्तापासून काढायला लागा. मी जूनमध्ये धावलो आणि अक्षरशः शेवटच्या दिवशी अपलोड केले. मेडिकललाही एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) म्हणून थोड्या जागा असतात.

आता मुद्द्याचं. एमएचटी-सीईटी संपादणुकीचीच परीक्षा. पण कुणाच्या अभ्यासक्रमाची? महाराष्ट्र बोर्डाची. आपण पीयूला एनसीईआरटी शिकतो. मी पेपर उघडला आणि मॅथ्समध्ये 'पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स' आणि 'मॅथेमॅटिकल लॉजिक'. दोन्ही धडे महाराष्ट्राच्या बारावीला आहेत, माझ्या पुस्तकात नव्हते. चंदगडचा माझा रूममेट तेच लॉजिक बारावीला ट्रुथ टेबल (विधान खरं-खोटं बघायचा तक्ता) काढून शिकलेला. त्याच्यासाठी तो अभ्यास, माझ्यासाठी ते नुसतं डोकं. आमच्या दोघांच्या गावांत मोटारसायकलवर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर आहे. त्यानं ते प्रश्न दहा मिनिटांत उरकले, मी अंदाजानं भरले. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून वाचलो. त्यामुळं महाराष्ट्र बोर्डाची मॅथ्सची पुस्तकं आणून एवढे धडे तरी करून घ्या. अकरावीचं वजन साधारण २० टक्के असतं, तेही विसरू नका.

केसीईटीत हा घोळ नाही असं समजू नका. २०२४ ला अभ्यासक्रमातून गाळलेल्या धड्यांवरचे प्रश्न आले, बोंबाबोंब झाली, आणि शेवटी ५० प्रश्न मूल्यमापनातून वगळले. माझा धाकटा भाऊ त्याच बॅचचा. न शिकवलेलं विचारलं की संपादणूक कशाची मोजली? त्या प्रश्नांवर त्याची पाऊण तासाची शक्ती गेली, ती कुणी परत देत नाही.

---

निवृत्त_मास्तर, बुधवार सकाळी ८.५५

ट्रुथ टेबलचं उदाहरण फार नेमकं दिलंस बाळा. एकाला शिकवलं म्हणून संपादणूक, दुसऱ्याला नाही शिकवलं म्हणून अभियोग्यता. प्रश्न तोच.

---

रानजाई, बुधवार दुपारी ३.१५

सगळ्यांचे आभार. टाइप ईचं ऐकून होते, पण दाखल्यांचं माहीत नव्हतं. उद्याच चौकशी करते.

एक शंका. नीट मराठीतून देता येते म्हणतात. तर सगळंच मराठीतून दिलं तर?

---

सीमावासी_पुण्यात, बुधवार दुपारी ४.००

काकू, इथंच खरी मेख आहे. नीट १३ भाषांत होते, मराठीही आहे आणि कन्नडही. पण मराठीची प्रश्नपत्रिका फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बेळगावचं केंद्र घेतलं तर मराठी नाही. कोल्हापूर घ्यावं लागेल. जेईई मेनलाही मराठीचं असंच आहे. केसीईटीत मराठीचा प्रश्नच येत नाही.

आणि मराठी निवडली तरी पुस्तिकेत इंग्रजी शेजारी असतंच, आणि दोन्हींच्या अर्थामध्ये फरक पडला तर इंग्रजीच खरं धरतात. तिनं दोन वर्षं फिजिक्स इंग्रजीत वाचलंय. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' डोक्यात बसलंय, आता 'जडत्व आघूर्ण' वाचून ती थबकेल.

---

निपाणीकर, बुधवार सायंकाळी ६.३०

हेच तर! विषय इंग्रजीत शिकली, तर विषयाची परीक्षा इंग्रजीत सोपी. पण रिझनिंग कुणी इंग्रजीत शिकवलंय तिला? विचार ती मराठीतच करते. मग त्या परीक्षेला मराठी बरी. क्लॅटसारखी वकिलीच्या प्रवेशाची परीक्षा बघा, १२० प्रश्न, दोन तास, सगळी इंग्रजीतच, आणि निम्म्याहून जास्त वेळ नुसते उतारे वाचण्यात जातो. नाव लीगल रिझनिंग, लॉजिकल रिझनिंग. आमच्या भाचीनं दिली होती. तर्क तिचा पक्का आहे, घरात भांडणात तिला कोणी हरवत नाही. पण पेपरात तिसऱ्या भागापर्यंतच पोहोचली. तिथं तर्काआधी वाचनाचा वेग मोजला गेला.

थोडक्यात मी माझं वरचं म्हणणं जरा आवरतं घेतो. खिडकी आहे, पण तिच्यावर कुठल्या भाषेची जाळी बसवलीय ते बघून उडी मारावी.

---

पंचगंगा (कोल्हापूर), बुधवार रात्री १०.२०

वेगाचं बरोबर पकडलंत. केसीईटीत एका विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं. प्रश्न अभ्यासाचेच, पण दर प्रश्नाला ८० सेकंद. तिथंही शिकलेलं आणि सुचणं एकत्र कालवलेलंच असतं. चाचण्यांच्या पुस्तकांत आता ह्या दोन टोकांऐवजी 'विकसित क्षमता' असा शब्द येतो. एका टोकाला कालच्या धड्यावरची तोंडी परीक्षा, दुसऱ्या टोकाला आकृत्यांची कोडी. बाकी सगळ्या परीक्षा मध्ये कुठंतरी. एकच फरक मला आईबापांच्या कामाचा वाटतो. अभ्यासाच्या परीक्षेत काय वाचायचं ते आधी कळतं. पुस्तक कुठलं, धडे किती, सगळं छापलेलं. खेड्यातल्या मुलीला हे कळणं म्हणजे निम्मी लढाई. कल बघणाऱ्या परीक्षेत ते कळत नाही, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो हे न कळणं विकत घेतलेल्या सरावानं भरून काढतो.

---

दूधगंगा, गुरुवार सकाळी ७.४०

शेतकऱ्यांच्या पोरांसाठी एक सांगायचं राहिलं. केसीईटीतून बीएस्सी ॲग्रीला शेतकरी कोटा आहे. त्यासाठी प्रात्यक्षिक द्यावं लागायचं, माझ्या पुतण्यानं धारवाडला दिलं. टेबलावर बियाणं, खतं, अवजारं मांडलेली, ओळखून सांगायचं. पुतण्या सांगतो, त्याच्या पुढचा मुलगा तुरीला हरभरा म्हणाला. ह्यानं कुळव ओळखला, पण कन्नड नाव आठवेना. शेवटी मराठीतच 'कुळव' म्हणाला आणि हातानं ओढून दाखवलं. समोरचे सर हसले, म्हणाले 'कुंटे', आणि पुढं जा म्हणाले.

ही कुठल्या डब्यात घालायची परीक्षा? शाळेत हे कुणी शिकवलेलं नाही, उपजतही नाही. बापाच्या मागं उन्हात चालून आलेलं आहे. मला विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक परीक्षा तीच.

ग्रामीण कोट्याचंही बघून ठेवा वहिनी. पहिली ते दहावी खेड्यात शिकलेल्यांना आहे, त्याला माध्यमाची अट नाही. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र वेगळा, तो आपल्या मराठी शाळांतल्या पोरांना नाही.

---

तिसरे_गेट, गुरुवार सकाळी ८.१०

कुळव ओढून दाखवला! +१००. मी शहरातला, मला तूर-हरभऱ्यात फक्त डाळ कळते.

---

रानजाई, दोन आठवड्यांनंतर, रविवार रात्री १०.४५

मंडळी, धागा वर काढतेय.

तुमचं सगळं वाचून घरातच एक प्रयोग केला. ओट्याशेजारच्या टेबलावर, मोबाईलवर वेळ लावून. जनरल टेस्टचा एक ५० प्रश्नांचा सराव पेपर इंग्रजीत दिला. चार दिवसांनी तेवढाच दुसरा मराठीत, ६०-६० मिनिटं. इंग्रजीत २३ बरोबर, ९ सोडले. मराठीत ३४ बरोबर, एकही सोडला नाही. मग बायोचा सराव दोन्ही भाषांत. तिथं उलटं. इंग्रजीत ४१, मराठीत ३०. मराठीत 'सूत्री विभाजन' वाचून मलाच विचारायला आली, हे मायटोसिस का गं? दहावीपर्यंत हाच शब्द होता तिचा. दोन वर्षांत विसरली. हे बघून मला कसंतरी झालं, खरं सांगते.

एका मुलीचे चार पेपर, ह्यावरून काही सिद्ध होत नाही हे पंचगंगा सर सांगतीलच. आमच्यापुरतं ठरलं ते असं. केसीईटी आणि एमएचटी-सीईटी मुख्य. महाराष्ट्र बोर्डाची मॅथ्सची पुस्तकं बहिणीनं गडहिंग्लजहून पाठवलीत, रेषांची जोडी सुरू आहे. ट्रुथ टेबल तिला फार आवडलं, भावाला धरून शिकवत बसते. नीट देणारच आहे, पण इंग्रजीतून आणि बेळगावातच. सीयूईटी जोडीला, भाषेत मराठी घेतोय. फुकटचे मार्क म्हणते ती, मी म्हटलं आधी जुने पेपर बघ. दाखल्याला दोन फेऱ्या झाल्या. एका ठिकाणी सही झाली, दुसरीकडचे साहेब रजेवर.

आणि हो, काल पुन्हा नात्यांचा प्रश्न आला. बहिणीच्या नवऱ्याचा भाऊ. ह्यावेळी 'कॅनॉट बी डिटरमाइंड'वर बोट नेलं आणि परत घेतलं. म्हणाली, "ह्यांच्यात मामाची पोरगी करत नाहीत असं धरून सोडवायचं ना?" सासूबाई म्हणाल्या, "धर बाई, पेपरापुरतं धर."

---

निवृत्त_मास्तर, सोमवार सकाळी ६.००

रजेवरचे साहेब गुरुवारी येतात. सकाळी साडेदहाच्या आत गाठा, जेवणानंतर सापडत नाहीत. झेरॉक्सच्या तीन प्रती न्या, दोन मागतात आणि एक हरवतात.